हा की तो?

दसरा जवळ आला की आमच्या सोसायटीत कुठल्या ना कुठल्या घरात हा गृहस्थ उगवतोच. दरवर्षी मजला बदलतो, माणूस तोच. त्याच्या हॉलच्या भिंतीवर शेजारीशेजारी दोन चौकोन असतात, एक मोरपंखी, एक अबोली. दारात आलेल्याला चपलाही न काढू देता तो विचारतो, "हा की तो?"

गॅसवाला बिचारा खांद्यावर सिलिंडर घेऊन उभा. "साहेब, आधी कुठे ठेवू ते सांगा," म्हणतो. त्याचं मत अबोलीच्या खात्यात जमा होतं.

त्याला अडाणी मात्र समजू नका. शेडकार्डावरच्या नखाएवढ्या तुकड्यात फिका वाटणारा रंग चारही भिंतींवर चढला की गडद भासतो, इमल्शन वाळल्यावर दाट होतं, पश्चिमेच्या खोलीत उतरतं ऊन अबोलीला थेट केशरी करतं आणि पांढऱ्या एलईडीखाली तीच अबोली आजारी दिसते, हे सगळं त्याला ठाऊक आहे. दुखणं तेच आहे. म्हणून तो सकाळी बघतो, दुपारी बघतो, रात्री बल्ब बदलून बघतो. मोरपंखी उजेड गिळतो, म्हणून अबोली. अबोलीत हॉल बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यासारखा दिसतो, म्हणून पुन्हा मोरपंखी.

त्याच्या वडिलांनी चाळीत चुन्यात डिंक आणि चिमूटभर नीळ कालवून एका रविवारात दोन खोल्या उरकलेल्या. ते पेपरातून डोकं वर काढत नाहीत.

वहिनींना दोन्ही रंग चालतात. पण तसं म्हणायची सोय नाही, कारण "कुठलाही चालेल" ऐकलं की तो तिसरा नमुना आणतो.

खरा मुरलेला असतो पेंटर. लांबी भरून, पॉलिशपेपर मारून, प्रायमर देऊन तो निवांत बसतो. रोजावर असला तर म्हणतो, "साब, दोनों अच्छा है." स्क्वेअर फुटाच्या ठेक्यावर असला, तर त्याला एकदम सौंदर्यदृष्टी फुटते. अबोलीच शोभेल, साहेब! मोरपंखीला एक हात जास्त लागतो, हे तो बोलत नाही.

वसुबारसेला एकदाचा निकाल लागतो. एक भिंत मोरपंखी, बाकी तीन अबोली. घर सुटकेचा श्वास सोडतं, पेंटर डबा उघडतो, ब्रश बुडवतो.

"थांबा हो," गृहस्थ म्हणतो, "पण मोरपंखी कुठली? टीव्हीमागची की सोफ्यामागची?"