प्रसिद्धी पांढरकवड्याला, पैसे परगावी

पांढरकवड्याची जेवढी जाहिरात 2018 साली झाली, तेवढी आम्ही चौकाचौकात बॅनर लावून सात जन्मांत केली नसती. टी-1 वाघिणीच्या शोधासाठी वन खात्याने हत्ती आणले, पॅराग्लायडर आणला, आणि तेही कमी पडलं म्हणून झुडपांवर कॅल्विन क्लाइनचं ‘ऑब्सेशन फॉर मेन’ हे अत्तर शिंपडलं. झालं! बातमी थेट न्यूयॉर्क टाइम्समध्ये. नागपूरच्या पाहुण्यांना ज्या गावाचा पत्ता ‘हैदराबाद रोडवर, केळापूरच्या जगदंबेजवळ’ असा समजावून द्यावा लागतो, ते गाव अमेरिकेत चहासोबत वाचलं गेलं.

ज्यांच्या घरची माणसं गेली, त्यांच्यासाठी यात हसण्यासारखं काही नव्हतं. तेरा बळी तिच्या नावावर धरले गेले होते, आणि वेचणीला गेलेल्या बाया घरी येईस्तोवर खेड्याखेड्यांत कोणाला घास गोड लागत नव्हता. फोनवरची लढाई मात्र निराळीच होती. तिथे आमच्या टी-1ची ‘अवनी’ झाली, हॅशटॅग निघाले, ज्यांनी पळसाचं पान हातात धरलं नव्हतं ते जंगलावर बोलू लागले. 2 नोव्हेंबरला बोराटीजवळ तिला गोळी घातली, तेव्हा आठवडाभर सगळ्या देशाचा जीव आमच्या तालुक्याच्या आसपास घुटमळत होता. या गदारोळात निव्वळ नफ्यात राहिली ती अत्तराची बाटली. अशी जाहिरात पैसे टाकूनही मिळत नाही.

योगायोग असा की त्याच वर्षी गूगलच्या ॲडसेन्सने मराठीला दार उघडलं. तोवर माझा ब्लॉग स्वान्तसुखाय होता, म्हणजे कोणी वाचत नव्हतं. आता मजकुराच्या अंगाखांद्यावर जाहिराती झळकणार आणि डॉलरमध्ये पैसे येणार! सौ. म्हणाली, “डॉलर राहू द्या, आधी गॅसवाल्याचे द्या.”

या धंद्याची रीत मोठी मजेशीर आहे. दहा डॉलर जमेपर्यंत तिकडे तुम्हाला कोणी खरं मानत नाही. जमले की सहा आकडी पिन छापलेलं पत्र टपालाने घरी येतं. काल रात्री मी अंथरुणात काय शोधलं हे ज्यांना बिनचूक ठाऊक असतं, त्यांना माझं घर जागेवर आहे की नाही हे पोस्टमनकडून कळून घ्यावं लागतं! आमच्या पोस्टमनने ते घडीचं पत्र उजेडात धरून उलटंपालटं पाहिलं आणि हळूच विचारलं, “भाऊ, कोर्टाचं हाय का?” आतला पिन भरायचा, मग शंभर डॉलरची वाट पाहायची. शंभर झाले की पुढच्या महिन्याच्या एकवीस तारखेनंतर पैसे सुटतात. अधलेमधले महिने लेखकाने आशेवर काढायचे असतात.

आशेचा मुख्य आधार वाचक. पळस फुलला त्यावर मी जीव ओतून लिहिलं. ते माझ्या मावसभावाने वाचलं, तेही मी फोन केल्यावर. मग एक दिवस वैतागून नुसता कापसाचा भाव टाकला: पांढरकवडा, वणी, घाटंजी. वाचकांची रांग लागली! माणसं यायची, आकडा पाहायची, एखादी अस्सल वऱ्हाडी शिवी हासडायची आणि निघून जायची. शेजारी ट्रॅक्टरची जाहिरात ताटकळत उभी. भाव पडला की वाचक दुप्पट व्हायचे. शेतकऱ्याचं क्विंटलमागे नुकसान आणि त्या बदल्यात मला पैशांत मोजण्याजोगी प्राप्ती, हा हिशेब काही मनाला रुचला नाही. तरी भाव टाकणं मी सोडलं नाही.

मदतीला घराणं धावलं. पुतण्या म्हणाला, “काका, तुमच्या जाहिराती आम्ही सारे पोट्टे मिळून दाबून राहिलो!” मला घाम फुटला. नातेवाइकांनी ठरवून जाहिराती दाबल्या तर ते क्लिक खोटे धरतात आणि खातं बंद पडू शकतं. आमच्याकडे लग्नात वाढायला, मयतीत खांदा द्यायला सांगावं लागत नाही. जाहिरात दाबू नका हे मात्र घरोघर जाऊन सांगावं लागलं. आत्या रुसली. “आम्ही दाबलेलं चालत नाही, परक्यानं दाबलेलं चालते!”

पुतण्याने मग यूट्यूब धरलं. तिथे जाहिरातींचे पैसे मिळायची अट तेव्हा एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास पाहिलं जाण्याची. तो टिपेश्वर अभयारण्याच्या सुन्ना गेटवर उभा राहून ‘लाइक करा, शेअर करा’ म्हणून घसा कोरडा करू लागला. त्याच अभयारण्यातून 2019 मध्ये एक तरुण वाघ निघाला, गळ्यात रेडिओ कॉलर. तेलंगणात डोकावत, शेतंशिवारं तुडवत थेट बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सगळा मिळून सुमारे तीन हजार किलोमीटरचा फेरा. लोकांनी त्याचं नाव ‘वॉकर’ ठेवलं. उपग्रहाला आपला पत्ता कळवत राहिला, पण सबस्क्राइब करा असं एकदाही म्हणाला नाही. पुतण्या त्याच्यावर अजून खार खाऊन आहे.

शेवटी मी म्हटलं, डॉलरचा नाद पुरे, गावातच जाहिराती घेऊ. पहिला गेलो बसस्टँडकडच्या पोहेवाल्याकडे. तर्री ओतता ओतता तो म्हणाला, “पैसे काहाले भाऊ? तिथं तं फुकटच टाकता येते ना?”

“लिहायला मेहनत लागते.”

“मंग पोहे खा. कोन नाही म्हंते?”

खाल्ले. लिहिलंही. चण्याची लालभडक तर्री, वर शेव, कडेला लिंबाची फोड, आणि पहिल्या घासाला कानातून निघणारी वाफ, असं सगळं फोटोसकट. ते व्हॉट्सॲपवर माझं नाव गळून, अनाथ होऊन फिरलं. सफारीला आलेले नागपूरकर गाड्या वळवून पोहे खायला येऊ लागले. आता आम्हा रोजच्यांना बाकडं मिळत नाही. प्लेट हातात धरून उभ्याने खावं लागतं, तर्री सांडते ती शर्टावर.

परवा त्याने मला बाजूला घेतलं. कपाळाचा घाम पुसत म्हणाला, “भाऊ, गर्दी थोडी कमी होईन असं काही लिहिता येते का? त्याचे मी पैसे देतो.”