फिर्यादी कुठे आहे?

एप्रिल २०२५ च्या पहिल्या शनिवार-रविवारी दोन बातम्या पाठोपाठ आल्या. एक अशी की ‘सीआयडी’ मालिकेत एसीपी प्रद्युम्न मारले गेले. देशभर हळहळ झाली, ती भूमिका करणाऱ्या शिवाजी साटमांचे जुने प्रसंग मोबाइलवर फिरले. दुसरी बातमी पनवेलची. तिथल्या सत्र न्यायालयाने पोलीस निरीक्षक अभय कुरुंदकर याला सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे यांच्या खुनाबद्दल दोषी ठरवलं. बिद्रे नवी मुंबई पोलीस दलातल्या, राहायला कळंबोलीत. म्हणजे आपल्या शहराच्या, आपल्या पोलीस दलाच्या. तरीही माझ्या आजूबाजूला त्या दोन दिवसांत बोललं गेलं ते एसीपींच्या मरणाबद्दल.

मला त्याचा राग आला. आणि त्याच रागात मी जुन्या पोलीस मालिका पुन्हा पाहायला बसलो.

आधी हे सांगतो की या मालिकांवर माझं प्रेम आहे आणि ते अजून आटलेलं नाही. ‘सीआयडी’ २१ जानेवारी १९९८ ला सुरू झाली, ऑक्टोबर २०१८ पर्यंत चालली, दीड हजारांच्या वर भाग झाले. डिसेंबर २०२४ मध्ये ती परतली. आजी आणि नातू एका सोफ्यावर बसून खुनाची गोष्ट पाहतात आणि कोणालाही मान फिरवावी लागत नाही, हे दिग्दर्शक बी. पी. सिंग यांचं मोठं काम. २००४ साली त्यांनी १११ मिनिटांचा अख्खा भाग कॅमेरा न थांबवता चित्रित केला. आजच्या वेगवान कातरकामाच्या दिवसांत तो पाहताना छाती दडपते. फ्रेडरिक्स झालेले दिनेश फडणीस डिसेंबर २०२३ मध्ये गेले. पडद्यावर ते आले की आजही घर हसतं.

पण इतक्या वर्षांनी पाहताना एक माणूस मला सापडतच नाही. तो म्हणजे फिर्यादी.

मृतदेह दिसतो, पथकाची गाडी येऊन थांबते, तपास सुरू. मधलं पोलीस ठाणं गायब. ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर बाकावर बसलेली बाई नाही, “हे आमच्या हद्दीत येत नाही” असं ऐकून परत फिरलेला बाप नाही, “दोन दिवस वाट बघा, येईल घरी” हा सल्ला नाही. गुन्हा दाखल करून घेण्यासाठी माणसाला किती खेटे घालावे लागतात, याचा पत्ता दीड हजार भाग पाहूनही लागत नाही. मालिकेतले पोलीस नेहमी आपणहून येतात. खऱ्या आयुष्यात त्यांच्याकडे जावं लागतं आणि खरा तपास त्या टेबलावरच अडतो किंवा पुढे सरकतो.

अश्विनी बिद्रे यांचंच पाहा. एप्रिल २०१६ मध्ये त्या दिसेनाशा झाल्या. अपहरणाचा गुन्हा दाखल झाला तो जानेवारी २०१७ च्या अखेरीस. त्याच महिन्यात प्रजासत्ताक दिनाला ज्या अधिकाऱ्याला राष्ट्रपतींचं पोलीस पदक जाहीर झालं, तोच पुढे त्यांचा खुनी ठरला. अटक डिसेंबर २०१७ मध्ये. दोषी ठरला एप्रिल २०२५ मध्ये. जन्मठेप झाली. पुरावा नष्ट करायला मदत करणाऱ्या दोघांना सात-सात वर्षं. मृतदेह आजवर मिळालेला नाही. हरवलेली व्यक्ती स्वतः पोलीस अधिकारी होती, तरी तिच्या नवऱ्याला आणि भावाला दारोदार फिरावं लागलं. मग घणसोलीतल्या घरकाम करणाऱ्या बाईचं किंवा तुर्भ्यातल्या माथाडीचं काय होत असेल, याचा विचार करा.

आणि हेही सांगायला हवं की हा खटला उभा राहिला तो पोलिसांमुळेच. तपासाधिकारी संगीता शिंदे-अल्फान्सो यांनी आपल्याच खात्यातल्या माणसाविरुद्ध, मृतदेह हाती नसताना, पुरावा गोळा केला. प्रदीप घरत यांनी विशेष सरकारी वकील म्हणून तो न्यायालयात मांडला. दार तोडणं नाही, थप्पड नाही. मोबाइलच्या नोंदी, ठिकाणांचे माग, साक्षीदार, तारखा. खरा पोलीस असा जिंकतो, आणि तो जिंकतो तेव्हा पार्श्वसंगीत वाजत नाही.

‘सीआयडी’त शेवटच्या पाच मिनिटांत पथकातला दया थप्पड मारतो, संशयित घडाघडा बोलतो, एसीपी त्याला फाशी होणार म्हणून सांगतात. लहानपणी आपण टाळ्या वाजवल्या. आज तोच प्रसंग कायद्याचं पुस्तक शेजारी ठेवून पाहा. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. म्हणजे दयाने मिळवलेल्या कबुलीचं न्यायालयात मोल शून्य. उलट ती थप्पड सिद्ध झाली तर अडचणीत येणार तो पोलीस. फाशीचं म्हणाल तर सत्र न्यायालयाने दिलेली फाशीसुद्धा उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय देता येत नाही. एसीपी ती एका वाक्यात सुनावतात.

मराठी माणसाला हे कोणी सांगितलं नव्हतं असंही नाही. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ कथेवरून, विजय तेंडुलकरांच्या लेखणीतून १९८३ साली गोविंद निहलानींचा ‘अर्धसत्य’ आला. त्यातल्या अनंत वेलणकराचा हात कोठडीत आरोपीवर उठतो, माणूस मरतो, आणि तिथून वेलणकर स्वतःच कोसळत जातो. कोठडीतल्या मारहाणीत पोलीसही उद्ध्वस्त होतो, हे तेव्हा कळलेलं होतं. पंधरा वर्षांनी त्याच मारहाणीला आपण शिट्ट्या वाजवल्या.

“अहो, करमणूक आहे ती!” हे मला नेहमी ऐकवलं जातं. ऐकून घेतो आणि बदलापूरची आठवण करून देतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये शाळेतल्या चिमुरड्या मुलींवरच्या अत्याचाराची तक्रार घेऊन गेलेल्या पालकांना पोलीस ठाण्यात तासन् तास बसवून ठेवलं गेलं. त्यावरून लोकांचा उद्रेक झाला आणि तो योग्यच होता. सप्टेंबरमध्ये त्या प्रकरणातल्या आरोपीला आपल्या तळोजा कारागृहातून नेत असताना पोलिसांच्या गोळीने तो मेला. फटाके फुटले, पेढे वाटले गेले. पुढे दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने पोलिसांच्या स्वसंरक्षणाच्या म्हणण्यावरच प्रश्नचिन्ह लावलं, तेव्हा पेढे वाटणारे गप्प होते. पालकांना ताटकळत का ठेवलं, हा खरा सवाल एका गोळीच्या आवाजात बुडाला. त्या आरोपीवर खटला चालून, साक्षी होऊन, त्या मुलींच्या बाजूने न्यायालयाचा शब्द उमटायला हवा होता. तो आता कधीच उमटणार नाही. शेवटच्या पाच मिनिटांत निकाल लावण्याची सवय आपल्याला अशी महागात पडते.

सगळ्या जुन्या मालिकांना मी एका पारड्यात टाकणार नाही. ‘उडान’ पुन्हा पाहा. १९८९ साली दूरदर्शनवर आलेली ही मालिका कविता चौधरी यांनी लिहिली, दिग्दर्शित केली आणि नायिका कल्याणीही त्यांनीच साकारली. जाहिरातीतल्या ललिताजी म्हणून सगळा देश त्यांना ओळखत होता. गोष्ट त्यांच्या थोरल्या बहिणीची, कांचन चौधरी भट्टाचार्य यांची. वडिलांवर हल्ला झाला, पोलीस तक्रार घेईनात, म्हणून ही मुलगी पोलीस सेवेत शिरली. १९७३ च्या तुकडीतली ही अधिकारी २००४ मध्ये उत्तराखंडची पोलीस महासंचालक झाली; देशात त्या पदावर बसलेली ती पहिली स्त्री. ‘उडान’ची मुळं फिर्यादीच्या बाकावर आहेत, आणि म्हणून ती जुनी झालेली नाही. ‘सीआयडी’त स्त्री अधिकारी येत-जात राहिल्या, पुरुषांची त्रयी तेवढी कायम राहिली. ‘उडान’ने तिच्या जवळजवळ दशकभर आधी वर्दीतल्या बाईला गोष्टीच्या मधोमध उभं केलं होतं.

मराठी दूरदर्शनवरची ‘एक शून्य शून्य’ आठवणारे अनेक जण वाशी-नेरूळमध्ये आजही भेटतात. दिग्दर्शक बी. पी. सिंगच आणि शिवाजी साटम, दीपक शिर्के पडद्यावर. मालिकेचं नाव पोलिसांना लावायच्या दूरध्वनी क्रमांकाचं. म्हणजे पोलिसांना हाक मारणारा माणूस नावातच होता. रमेश भाटकरांच्या ‘हॅलो इन्स्पेक्टर’च्या नावातही तीच हाक ऐकू येते. पुढच्या काळात नावं खात्याची आणि पथकाची झाली, हाक मारणारा बाजूला पडला. मला हा बदल फार मोठा वाटतो. मराठी वाहिन्यांनी या जुन्या मालिका नीट जपून पुन्हा लोकांसमोर आणायला हव्यात. आपल्याकडच्या तरुण लेखकांनी पोलीस मालिका लिहिण्याआधी त्या पाहायला हव्यात.

‘सीआयडी’चं एक देणं मात्र मोकळेपणाने मान्य करतो. डॉक्टर साळुंखेंनी प्रयोगशाळा घराघरात पोचवली. त्यांचे अहवाल क्षणात येतात आणि कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत खरा नमुना रांगेत थांबतो, तरीही पुराव्याला विज्ञान लागतं हे त्यांनी दोन पिढ्यांच्या मनावर ठसवलं. सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी गेलंच पाहिजे, असं आता भारतीय नागरिक सुरक्षा संहिता सांगते. राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांची मुदत आहे. महाराष्ट्र सरकारने ती पुरती वापरू नये. माणसं भरा, गाड्या द्या, प्रयोगशाळा वाढवा. साळुंखेंच्या चाहत्यांनी हे मागायला हवं.

आता पुढची मालिका काढणाऱ्यांना माझी एकच मागणी आहे. पहिला प्रसंग ठाण्यातल्या बाकावर घ्या. पंच शोधताना पोलिसांची होणारी दमछाक दाखवा, फितूर होणारा साक्षीदार दाखवा, बंदोबस्तातून थेट कोर्टात धावणारा हवालदार दाखवा, तारखांवर तारखा मोजणारी आई दाखवा. अमेरिकेतल्या ‘द वायर’ने २००२ सालीच एका तपासावर अख्खा मोसम खर्ची घातला आणि प्रेक्षक उठून गेला नाही. आपलाही जाणार नाही. कळंबोली ते पनवेल कोर्ट या नऊ वर्षांच्या प्रवासात दहा मोसमांचा ऐवज आहे.

आणि तुम्हाला, वाचकांना, थोडं रोखठोक सांगायचंय. मालिका जरूर पाहा, पण हेही पाठ करा. दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिली की पोलिसांनी तो नोंदवायलाच हवा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केलं आहे. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात तो नोंदवता येतो. ‘आमच्या हद्दीत नाही’ हे उत्तर नव्या संहितेनंतर चालत नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. ठाण्याने नकार दिला तर तीच तक्रार लेखी स्वरूपात टपालाने बेलापूरला पोलीस आयुक्तालयात पाठवा. तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागा. तातडीची वेळ आली तर ११२ लावा. राज्याचा तो फोन घेणारं मुख्य केंद्र आपल्याच महापेला आहे. आणि तुमच्या इमारतीतलं कोणी तक्रार द्यायला ठाण्यात निघालं असेल, तर त्याला एकटं सोडू नका, सोबत जा.