यक्षीवरून केवढा गहजब!

अहो, ऐकलंत का? दिल्लीच्या रिझर्व्ह बँकेसमोर यक्ष-यक्षी आहेत ना, त्यांच्यावरून म्हणे राज्यसभेत प्रश्न आला होता! यक्षीच्या अंगावर कपडे नाहीत म्हणून. सोवळ्या मंडळींची तोंडं काय झाली असतील! यक्षाच्या हातात पैशांची थैली आहे, त्याबद्दल मात्र कोणाची हरकत नाही हो.

तर काय सांगत होते… हे यक्ष-यक्षी घडवणारे शिल्पकार रामकिंकर बैज. बांकुड्याच्या न्हाव्याच्या घरातला मुलगा. १९२५ साली शांतिनिकेतनात आला, तर त्याचं काम बघून तिथले कलागुरू नंदलाल बोसच गार! तुला तर सगळं येतंय, शिकायला कशाला आलास, असं म्हणाले म्हणे. बरं, आलाच आहेस तर राहा दोन-तीन वर्षं. ती दोन-तीन वर्षं काही संपली नाहीत! पुढे तिथंच शिल्पकला शिकवली, विभाग सांभाळला. बडोद्याचे शिल्पकार शंखो चौधुरी रामकिंकरांच्याच हाताखाली शिकलेले.

आणि हातात पैसा? छे! प्लास्टर महाग, ब्राँझ तर विचारूच नका. मग काय, सिमेंटमध्ये जांभ्याची खडी कालवली आणि लोखंडी सांगाड्यावर थापली. १९३८ चं ते ‘संथाल कुटुंब’ शिल्प असंच झालं. देव नाही, राजा नाही. कावड, पोर, कुत्रा घेऊन निघालेली कष्टकरी माणसं, तीही उघड्या मैदानात! आमच्याकडे चौकाचौकात घोड्यावरचे पुतळे, आणि हा बाबा…

त्याचं ते उंच सुजाताचं शिल्प माहितेय ना? आधी नुसतीच झाडासारखी उभी बाई होती. नंदलालबाबूंनी सुचवलं, डोक्यावर खिरीचं भांडं दे. झाली बुद्धाला खीर देणारी सुजाता! हाच मनुष्य वॉटरकलरही करायचा, ऑइलही. पावसात छप्पर गळायला लागलं की आपलंच ऑइल पेंटिंग वर लावून द्यायचा, असं सांगतात. माझा तर जीवच…

हां, तर बँकेच्या यक्ष-यक्षीचं काम. दगड शोधत स्वारी थेट कांगड्यात, बैजनाथला. एवढाले धोंडे दिल्लीला आणायचे म्हणजे चेष्टा आहे का? दहा वर्षं उलटून गेली, बजेटचा पार फज्जा उडाला. बँकवाल्यांचे चेहरे मला न बघताच दिसतात बाई! पण पुढे १९७० ला सरकारनंच पद्मभूषण दिलं. आणि यक्षी? लोक काय वाट्टेल ते बोलोत, आहे तशीच उभी आहे!