खेळाचा तास गिळणाऱ्या साहेबांस खुले पत्र

मु. पो. रिद्धपूर, ता. मोर्शी, जि. अमरावती

परमादरणीय, शिक्षणमहर्षी, क्रीडाप्रेमी संस्थाचालक साहेब यांचे चरणी,

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपले नाव लिहीत नाही. आपल्यासारखे थोर पुरुष तालुक्यातालुक्यांत आहेत. एकाचेच नाव घेतले तर बाकीच्यांवर अन्याय होईल.

पहिले आभार वेळापत्रकाचे. त्यात ‘शारीरिक शिक्षण’ किती सुरेख अक्षरांत लिहिलेले असते! त्या तासाला बीजगणित चालते, ही गोष्ट वेगळी. दहावीच्या पोट्ट्यांना तर दिवाळीनंतर ग्राऊंड खिडकीतूनच दिसते. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे अंगमेहनतीची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिला आमचे वऱ्हाडी ऊन ठाऊक नसावे. बंद पंख्याखाली बाकावर बसूनच आमच्या लेकरांना पुरेसा घाम येतो.

मैदान राखल्याबद्दलही ऋणी आहोत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेला खेळाचे मैदान हवे असे लिहिले आहे, आणि आपल्या कागदपत्रांत ते आहेच. लग्नसराईत तिथे मांडव पडतो, पावसाळ्यात गाजरगवत माजते, उरलेल्या दिवसांत आपली गाडी सावलीला उभी असते. मुले तेवढी मधे येत नाहीत, हे आपल्या शिस्तीचे फळ.

क्रीडाशिक्षकांची आपण किती काळजी घेता! बिचाऱ्यांना उन्हात उभे राहावे लागू नये म्हणून मतदार याद्या, पोषण आहाराचा हिशेब आणि गैरहजर शिक्षकांचे तास आपण त्यांच्याकडेच दिलेत. त्यांची शिट्टी आता प्रभातफेरीलाच वाजते.

आणि तो कबड्डीचा संघ! शालेय स्पर्धांचे १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात. आपल्या १७ खालच्या संघातला चढाईपटू सकाळी दाढी करून आला होता. त्याचा दम, त्याची ताकद, सारे वाखाणण्यासारखे. त्याच्या जन्मतारखेची चपळाई तर त्याहून वरची. ज्याचे वय खरोखर बसत होते, तो पोरगा रेषेबाहेर पाण्याच्या बाटल्या धरून उभा होता. खोटे बोलले की संघात जागा मिळते, हे त्याला कोणत्याही पुस्तकाने इतके झटपट शिकवले नसते. गुरुदक्षिणा काय द्यावी, साहेब?

प्रमाणपत्रांबद्दल तर शब्द तोकडे पडतात. खेळाडूंना दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, हे कळताच आपल्याकडे न खेळणारे खेळाडू भराभर तयार झाले. याच वाटेवर पुढे सरकारी नोकरीतले ५ टक्के खेळाडू आरक्षण लागते. त्यासाठी ट्रॅम्पोलिनसारख्या खेळांची बोगस प्रमाणपत्रे राज्यात उघडकीस आली. अशा मोठ्या कामाचा पाया आपण शाळेतच घालून देता, ही दूरदृष्टी दुर्मीळ.

मुलींवरची आपली माया वेगळीच. आठवीनंतर त्यांनी उन्हात काळवंडू नये, म्हणून त्यांचा खो-खो आपण बंद केलात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या मुलींनी जिंकला. कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियंका इंगळे. तिला आपल्यासारखे पालनकर्ते लाभले नाहीत, म्हणून ती खेळत राहिली. या खेळाला दोन खांब, चुन्याच्या रेघा आणि थोडी जागा लागते. तेवढाही खर्च आपण वाचवलात.

स्नेहसंमेलनाच्या भाषणात आपण अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा अभिमान सांगता, तेव्हा ऊर भरून येतो. वैद्य बंधूंनी १९१४ साली ते उभे केले, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने कबड्डी व इतर देशी खेळ जगाला दाखवले. ती माणसे वाढीव गुणांसाठी मातीत उतरली नव्हती, एवढेच त्या भाषणात सांगायचे राहून जाते.

आणि हे गाव कोणते, साहेब? गोविंदप्रभूंचे. लहान लेकरासारखे वागणाऱ्या, हसणाऱ्या, खेळणाऱ्या या पुरुषाच्या लीला महानुभाव पंथीयांनी भक्तीने लिहून ठेवल्या. त्या भूमीत लेकराला खेळासाठी परवानगी मागावी लागते.

आता आभार पुरे झाले. शाळेतला खेळ ढालीसाठी नसतो. हरल्यावर समोरच्याचा हात हातात घेणे, पंचाचा निर्णय मान्य करणे, आपल्यापेक्षा कमजोर गड्याला सांभाळून घेणे, हे फळ्यावर लिहून येत नाही. ते ग्राऊंडवरच येते, आणि जाड्या, हळू पळणाऱ्या, लाजऱ्या पोरालाही यायला हवे. ज्या शाळेत सात जण खेळतात आणि बाकीचे टाळ्या वाजवतात, तिने सात ढाली आणल्या तरी तिचा क्रीडा विभाग नापास आहे.

वाचकहो, पुढच्या पालकसभेत टक्केवारीच्या आधी तीन प्रश्न विचारा. खेळाचा तास कोण घेते? मुली कोणता खेळ खेळतात? संघातल्या मुलांचे जन्मदाखले कोणी तपासले? उत्तर मिळेपर्यंत खुर्ची सोडू नका.

आपला नम्र,
रिद्धपूरचा एक पालक