मॅग्नेटिक, व्हायब्रंट, वगैरे वगैरे

भरभराट येण्याआधी तिचं विशेषण येतं आणि ते इंग्रजीत असतं, ही आपल्या प्रजासत्ताकाची जुनी रीत. २००४च्या निवडणुकीआधी ‘इंडिया शायनिंग’च्या पानभर जाहिराती झळकल्या. सोबतीला ‘फील गुड’ होतंच. देश इतका चकाकू लागला की निवडणूक आयोगाला मध्ये पडून जाहिराती थांबवाव्या लागल्या. मे महिन्यात निकाल लागला. काँग्रेस १४५, भाजप १३८. ‘फील गुड’ मुकाट्याने विरोधी बाकांवर जाऊन बसलं.

यातून सगळ्याच पक्षांनी धडा घेतला. विशेषण मतदारापुढे ठेवायचं नाही, कारण तो ते घरी जाऊन पडताळून बघतो. ते गुंतवणूकदारापुढे ठेवायचं. तो दोन दिवस पंचतारांकित हॉटेलात राहतो, सामंजस्य करारावर सही करतो, पुष्पगुच्छ स्वीकारतो आणि विमानाने परत जातो. मत द्यायला काही तो येत नाही.

मग राज्याराज्यांच्या गुंतवणूकदार परिषदांत विशेषणांचा सुकाळ झाला. गुजरातने २००३ मध्येच ‘व्हायब्रंट’ पटकावलं होतं. त्यात अनुप्रास जुळत नाही, बहुधा म्हणूनच ते टिकलं. बाकीच्या बहुतेकांनी मात्र समृद्धी आद्याक्षरावरून ठरवली. २०१३ मध्ये पंजाब ‘प्रोग्रेसिव्ह’ झाला, कारण प. २०१६च्या मार्चमध्ये हरियाणा ‘हॅपनिंग’ झाला, कारण ह. फेब्रुवारीत जाट आंदोलनाच्या जाळपोळीत तिथे इतकं काही घडून गेलं होतं की या विशेषणाला खोटं म्हणायची कुणाची छाती नव्हती. २०१९च्या ऑक्टोबरात मध्य प्रदेश इंदूर मुक्कामी ‘मॅग्निफिसंट’ झाला. पुढच्या मार्चमध्ये सरकारच कोसळलं.

राजस्थानची कथा अधिक कष्टाची. २०१५ मध्ये तो ‘रिसर्जंट’ होता, म्हणजे पुन्हा उठला होता. सरकार बदललं, तेव्हा २०२२ मध्ये विशेषणाला रजा देऊन साधं ‘इन्व्हेस्ट राजस्थान’ म्हटलं गेलं. पुन्हा सरकार बदललं आणि २०२४ मध्ये ‘रायझिंग’ आलं. नऊ वर्षांपूर्वी उठलेलं राज्य तेव्हाही उठतच होतं! हिमाचल तर २०१९ मध्येच ‘रायझिंग’ झालं होतं. आधीच एवढ्या उंचीवर बसलेल्या राज्याला आणखी कुठे चढायचं होतं, ते त्या पहाडांनाच ठाऊक.

आपण तरी मागे का राहावं? फेब्रुवारी २०१८, मुंबई, वांद्रे-कुर्ला संकुल. पंतप्रधानांच्या हस्ते ‘मॅग्नेटिक महाराष्ट्र’चं उद्घाटन झालं. तीन दिवसांत चार हजारांवर करार आणि बारा लाख कोटींहून अधिक रक्कम. अख्ख्या राज्याच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या साधारण निम्मी गुंतवणूक तीन दिवसांत चिकटली. पुढे मुख्यमंत्री बदलले, सत्ताधारी बदलले, विशेषण मात्र तेच राहिलं. जून २०२०च्या ऑनलाइन सोहळ्यात त्याच्या शेपटीला फक्त ‘२.०’ लागलं.

या चुंबकाचा गुण बघायचा तर तळेगावला जावं. २०२०च्या त्या सोहळ्यात ग्रेट वॉल मोटर्स या चिनी कंपनीने तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यासाठी करार केला. करारांची शाई वाळते न वाळते तोच गलवानला चिनी सैन्याशी चकमक झाली आणि चिनी कंपन्यांचे करार थांबवावे लागले. कंपनी शेवटी आलीच नाही. २०२२ मध्ये वेदांत-फॉक्सकॉनचा दीड लाख कोटींचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावात येणार, येणार म्हणता म्हणता गुजरातला गेला. ‘व्हायब्रंट’ने ‘मॅग्नेटिक’च्या तोंडचा घास पळवला, म्हणून आपल्याकडे कित्येक महिने नुसती आरडाओरड. तोवर पुढच्या जुलैत फॉक्सकॉनने भागीदारीतूनच अंग काढून घेतलं. दोन विशेषणं भांडत राहिली आणि प्रकल्प दोघांच्याही हाती लागला नाही.

जनरल मोटर्सचा तो बंद कारखाना अखेर ह्युंदाईने घेतला, २०२३ मध्ये. दोन कंपन्यांनी आपसात बोलणी केली आणि सौदा झाला. त्यासाठी कुणालाही अनुप्रास जुळवावा लागला नाही.

खरी मेख आहे ती सामंजस्य करारात. हा करार बहुतेक वेळा कुणालाच बांधून ठेवत नाही. कंपनी आली नाही तर दंड नाही, सरकारने जमीन दिली नाही तरी जाब नाही. म्हणजे हा साखरपुडाच. आपल्याकडे मात्र साखरपुडे मोजून लग्नं सांगायची आणि बारशाचे पेढेही त्याच मांडवात वाटायचे, असा कारभार आहे. कारखानदार मात्र विशेषण बघत नाही. तो विजेचा दर विचारतो, पाण्याचा दाब विचारतो, ट्रक बंदरापर्यंत किती तासांत पोचेल ते विचारतो. जमिनीचा सातबारा कुणाच्या नावावर आहे, हेही विचारतो. या प्रश्नांची इंग्रजी विशेषणात उत्तरं देता येत नाहीत.

तेव्हा आमची सर्वपक्षीय सरकारांना एकच विनंती आहे. मागच्या विशेषणाचा हिशेब दिल्याशिवाय नवं विशेषण लावू नका. आणि वाचकहो, पुढच्या वेळी उड्डाणपुलावर असल्या विशेषणाचा फलक दिसला, की आपल्या आमदाराला गाठून एवढंच विचारा: मागच्या करारांपैकी किती कारखान्यांत पहिला पगार झाला? उत्तर आकड्यात मागा, आणि मराठीत मागा.