आबा, हलू नका

एसटीत 35 वर्षं वाहतूक नियंत्रक होतो. कराड स्टँडवर माइकसमोर बसून चिपळूणचा माणूस विट्याच्या गाडीत चढणार नाही, एवढं पाहायचं. निरोप समारंभात शाल, नारळ, चार चांगले शब्द, सगळं झालं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचल्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही.

मुलीकडं न्यू जर्सीला आलो होतो. तिथून पिट्सबर्गला निघालो ते व्यंकटेश्वराच्या दर्शनाला. तिथलं देऊळ 1976चं. अमेरिकेतल्या आपल्या लोकांची जवळपास तिरुपतीच. गाडीत सहा तास बसायचं होतं. नातवानं खेळ काढला. तो फोनवर एकेका शहराचा फोटो दाखवणार, नुसती उंच इमारतींची रांग, आणि मी शहर ओळखायचं. चुकलो की माझ्या वाटणीची एक चकली त्याची.

पहिल्या फोटोत पाणी आणि पलीकडे इमारती. मी म्हणालो, "न्यूयॉर्क."

"शिकागो, आबा! ती ब्लॅक बिल्डिंग बघा ना!"

ती 110 मजली काळी इमारत नऊ चौकोनी नळकांडी एकत्र बांधावीत तशी रचलेली आहे आणि तिच्या सांगाड्याची ही कल्पना ढाक्यात शिकलेल्या फझलूर खान यांची, असं जावयानं सांगितलं. आपल्या बाजूचा माणूस म्हटल्यावर जरा बरं वाटलं. चकली गेली ती गेलीच. सेंट लुईसची 630 फूट उंच कमान मला बादलीची कडी वाटली. नॅशव्हिलच्या इमारतीला दोन कान, सिनसिनाटीतल्या एकीच्या डोक्यावर डायानाच्या मुकुटावरून बेतलेला मुकुट, दोन्ही चुकलो. फिलाडेल्फियात म्हणे सिटी हॉलवरच्या विल्यम पेनच्या पुतळ्याच्या टोपीहून उंच काही बांधायचं नाही, असा अलिखित संकेत होता. 1987 साली तो मोडला. आमच्या आळीत मारुतीच्या कळसापेक्षा उंच माडी चढवायला माणसं बिचकत, ते आठवलं. हॅरिसबर्ग येईपर्यंत डबा रिकामा.

दर्शन झालं, दहीभात झाला. मग माउंट वॉशिंग्टन नावाची टेकडी. तिच्यावर जायला इन्क्लाइन आहे. चढावर रूळ, एक डबा वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो, रहाटाच्या दोन पोहऱ्यांसारखा. आम्ही चढलो ती 1870ची. वरून शहर छान दिसतं.

जावई आइस्क्रीम आणायला गेला. "बाबा, इथंच थांबा हं." बायको बाकावर टेकली. मी आपला जरा पाय मोकळे करावेत म्हणून कठड्याकठड्यानं निघालो तो मैलभर गेलो. तिथं इन्क्लाइनचं स्टेशन लागलं. इन्क्लाइन गावात एकच असणार, म्हणजे मी फिरून तिथंच आलो आणि मंडळी खाली उतरली, असा मी हिशेब केला. समोर डबा उभा होता, दार उघडं, आणि रंग लाल. लाल रंग पाहिल्यावर माझा पाय आपोआप उचलला गेला.

खाली भरधाव रस्ता. ओळखीचं कुणी नाही. फोन वाजला.

"बाबा, कुठे आहात?"

"खाली. नदीजवळ."

"कुठल्या नदीजवळ?"

या गावात नद्या तीन. "पिवळा पूल दिसतोय," मी म्हणालो.

जावई शांत माणूस. "बाबा, इथले बहुतेक पूल पिवळेच आहेत."

"उंच इमारती आहेत बघा."

मागून बायकोचा आवाज आला, "अमेरिकेतच आहेत ना, ते आधी विचारा!"

मग नातवानं फोन घेतला. "आबा, समोरचा फोटो काढून पाठवा. आणि हलू नका."

पाठवला. हललो नाही. समोर अ‍ॅलेघेनी आणि मोनोंगाहेला एकमेकींत शिरत होत्या. कराडला कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन भेटतात, पण पुढे नाव राहतं कृष्णेचं. इथं दोघीही आपापलं नाव टाकतात आणि ओहायो होतात. मुलीनं लग्नानंतर आडनाव बदललं नाही, तेव्हा मी महिनाभर तिच्याशी धड बोललो नव्हतो. एवढ्या लांब येऊन, रस्त्याच्या कडेला, नेमकं तेच आठवलं.

पंधरा मिनिटांत गाडी आली. चालवत मुलगीच होती. काही बोलली नाही, आतूनच हात लांबवून पुढचं दार उघडलं आणि वितळायला लागलेलं आइस्क्रीम माझ्या हातात दिलं.

नातू मागून सांगत होता, "कारंजं एकदम समोर दिसलं ना, म्हणजे डुकेन इन्क्लाइन. ती वेगळी, आबा. टू आहेत इथे." ही दुसरी 1877ची. म्हणजे दीडशे वर्षं दोन्ही गाड्या एकाच टेकडीवरून सुटतायत आणि फलाट चुकलेला नियंत्रक मी.

तो फोटो आता त्याच्या खेळात आहे. अर्धं शहर माझ्या अंगठ्याआड गेलंय, काठाला कारंजं तेवढं दिसतं. घरी कुणीही आलं की दाखवतो. अजून कुणालाच ओळखता आलेला नाही. मी मात्र दर वेळी बरोबर सांगतो आणि चकली घेतो.