नानांची फाइल

नानांना ‘कसे आहात?’ असं सहज विचारू नये. विचारायचंच असेल तर खिडकीजवळ बसून विचारावं, कारण त्यांचं उत्तर फिल्मवर असतं आणि फिल्म उजेडाला धरावी लागते.

कोथरूडपासून डोंबिवलीपर्यंत कुठल्याही सोसायटीत चौकशी करा, असे एक नाना निघतातच. आमचे नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. उभी हयात मोजमाप पुस्तकात, म्हणजे ‘एमबी’त गेली. कालवा समोर वाहतोय, पण एमबीत त्याची नोंद नाही, तर खात्याच्या लेखी तो कालवाच नाही. निवृत्तीनंतर हाच न्याय नानांनी स्वतःच्या शरीराला लावला. पाठ दुखते, हे ठीक आहे. नोंद कुठे आहे?

नोंद होण्याचा योग तुळशीच्या कुंडीमुळे आला. कुंडी सरकवताना कंबरेत चमक भरली आणि नाना वाकडे होत फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी त्यांना आडवं करून पाय सरळ वर उचलून पाहिला, पायाचा अंगठा जोर लावून वर ओढायला सांगितला, गुडघ्यावर हातोडी मारली. ताप येतो का, वजन घटलंय का, पूर्वी कधी कॅन्सर झालाय का, लघवी-संडासवर ताबा आहे ना, असं खोदून खोदून विचारलं. शेवटी म्हणाले, “स्नायू धरलाय. झोपून राहू नका, हिंडत-फिरत राहा. चार-सहा आठवड्यांत बरं वाटेल.”

“आणि फोटो?”

“कशाचा?”

नानांना हा अपमान वाटला. एवढं दुखणं, आणि त्याची संभावना हातोडीवर! दुसऱ्याच दिवशी ओळखीतून कुणाची तरी चिठ्ठी मिळवून ते एमआरआयला जाऊन आले.

त्या वारीचं वर्णन आम्ही पाठ म्हणू शकतो. कवळी, अंगठी, चांदीचा करदोटा, सगळं काढून ठेवावं लागलं. बोगद्यात अर्धा तास ठोकाठोक सुरू होती, पण नाना डगमगले नाहीत. त्यांचं घर गणपतीच्या मांडवाला लागून आहे. “मी आधीच विचारून घेतलं, चुंबक किती टेस्लाचं? म्हणाले, तीन. दीडमध्ये अर्थ नाही.” दीड टेस्लाच्या मशीनवर जगभर कंबरेचे उत्तम एमआरआय होतात, पण हे नानांना सांगणार कोण? शेजारच्यांचा दीडवर झाला होता, तेवढ्यावर विषय मिटला.

रिपोर्टात लिहिलं होतं की चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती थोडी फुगली आहे. रिक्षातून घरी येईपर्यंत त्याचं ‘मणक्यात गॅप’ झालं होतं. तळाशी आणखी एक ओळ होती, की हे निष्कर्ष रुग्णाच्या तपासणीशी ताडून पाहावेत. खालची ओळ नाना कधीच वाचत नाहीत. आदल्या संध्याकाळपर्यंत बरीचशी उतरलेली पाठ रिपोर्ट वाचून पुन्हा धरली. कमरेला पट्टा आला, वाकणं बंद झालं. तुळशीची कुंडी, पाण्याच्या बादल्या, गव्हाचा डबा हे सगळं त्यांच्या पत्नीकडे, माईंकडे गेलं.

डॉक्टरांनी फिल्म पाहिली आणि समजावण्याचा प्रयत्न केला. “नाना, १९९४ साली अमेरिकेत ९८ माणसांच्या कंबरेचा एमआरआय काढला. अट एकच, पाठ दुखत नसलेली माणसं हवीत. त्यातल्या निम्म्याहून अधिकांची चकती फुगलेली निघाली. २७ टक्के लोकांची तर चांगली बाहेर डोकावत होती. केस पांढरे होतात ना, तसं आहे हे.”

नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. “म्हणजे त्या बिचाऱ्यांना आपल्याला दुखतंय हे अजून कळलेलंच नाही.”

यावर कुठल्याही वैद्यकीय पुस्तकात उत्तर नाही.

पुढे फाइल जाड होत गेली. २०२१ च्या कोरोनाच्या लाटेत जो तो एकमेकांना एचआरसीटीचा स्कोअर विचारत होता, तेव्हा नानांनी शिंकसुद्धा न येता छातीचा सीटी काढून घेतला. पंचवीसपैकी शून्य. दोन दिवस ते खिन्न होते. मग सवलतीतलं ‘फुल बॉडी’ पॅकेज आलं. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड वन आणि मूत्रपिंडावर एक साधी पाण्याची गाठ निघाली. पन्नाशीनंतर अशी गाठ अनेकांना असते आणि तिच्या वाटेला कुणी जात नाही. नाना गेले. पोटाचा सीटी झाला. त्यात फुप्फुसाच्या तळाशी चार मिलिमीटरचा ठिपका दिसला, म्हणून छातीच्या तज्ज्ञाकडे चकरा झाल्या. तज्ज्ञाने विचारलं, “सिगारेट?” नाना म्हणाले, “सुपारीसुद्धा नाही.” मग हा ठिपका विसरून जा, असं तज्ज्ञ म्हणाला. विसरण्यासाठी का एवढे पैसे भरले होते?

डॉक्टरांनी किरणांचा हिशेब मांडून पाहिला. छातीचा एक साधा एक्स-रे म्हणजे निसर्गातून आपसूक अंगावर येणारा दहाएक दिवसांचा किरणोत्सर्ग, आणि पोटाचा एक सीटी म्हणजे दोन-तीन वर्षांचा. नानांनी तोही आकडा तारखेसह फाइलच्या पुठ्ठ्यावर टिपून ठेवला. नोंद वाढली.

वादात त्यांना हरवणं अवघड, कारण ते वाचून येतात. “रोंटगेननं डिसेंबर १८९५ मध्ये बायकोच्या हाताचा फोटो काढला, अंगठीसकट. तिनं कुठे हात दुखतो म्हणून तक्रार केली होती?” असं त्यांनी भर दवाखान्यात विचारलं, तेव्हा बाकावरच्या दोघांनी माना डोलावल्या.

एकदाच ते स्वतःच्या पायाने हरले. जिन्यात घोटा मुरगळला. डॉक्टरांनी घोट्याच्या दोन्ही हाडांची मागची कड दाबली, पावलाच्या बाहेरच्या आणि आतल्या बाजूचं एकेक हाड दाबलं. कुठे ‘आई गं’ नाही. मग म्हणाले, “चार पावलं टाकून दाखवा.” कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ साली बसवलेली ही रीत आहे. हाड दाबून दुखत नसेल आणि माणूस चार पावलं टाकत असेल, तर एक्स-रे नको. नानांना वाटलं, चालून दाखवलं की बक्षीस मिळेल. ते दारापर्यंत जाऊन परत आले आणि हात पुढे करून म्हणाले, “हं, द्या चिठ्ठी.”

मला विचाराल तर डॉक्टरांची खरी करामत या चिठ्ठीत आहे. एरवी चिठ्ठीवर ‘एमआरआय कंबर’ एवढंच असतं, आणि रेडिओलॉजिस्ट दिसेल ते सगळं लिहून मोकळा होतो. आमचे डॉक्टर प्रश्न लिहितात: डाव्या पायाचा अंगठा वर उचलत नाही, तीन आठवडे झाले, पाचवी नस दबली आहे का? वर फोनही करतात. प्रश्न सुचला नाही तर चिठ्ठी फाडत नाहीत. नानांच्या बाबतीत त्यांना प्रश्नच सुचत नसे, आणि नानांचं दुःख नेमकं हेच होतं.

यंदा पावसाळ्यात नाना फाइल घेऊन दवाखान्यात बसले होते. माई सोबत होत्या, पिशवी धरायला. निघता निघता त्या संकोचत म्हणाल्या, “डॉक्टर, सहज विचारते हं. कालपासून बसायची जागा बधिर वाटतेय. आणि लघवीला गेलं तर सुरूच होत नाही.”

डॉक्टरांनी नानांची फाइल मिटली. “वहिनी, आडव्या व्हा.” पाच मिनिटांत तपासणी, सहाव्या मिनिटाला फोन. “आत्ता. उद्या नाही, आत्ता.” शेपटाकडच्या नसांचा अख्खा जुडगा दाबला जात होता. अशा वेळी तासांचा हिशेब असतो. संध्याकाळी एमआरआय, रात्री शस्त्रक्रिया. हॉस्पिटलच्या बाकड्यावर नाना हात जोडून बसले होते. मशीन किती टेस्लाचं, हे त्यांनी कुणालाही विचारलं नाही.

माई बऱ्या झाल्या. दोन महिन्यांत त्या बागेत फिरायला येऊ लागल्या. बादल्या आता नाना उचलतात, आणि गंमत म्हणजे त्यांची पाठ दुखत नाही. कमरेचा पट्टा दाराच्या खिळ्याला लटकतो.

फाइल मात्र बागेत येतेच. परवा कट्ट्यावर देशपांडे स्वतःची फिल्म घेऊन आले होते, त्यांच्याही चकतीचं काहीतरी. नानांनी ती घेतली, उन्हाला धरली, पाहिली आणि परत केली.

“बल्ज आहे. निम्म्या जगाला असतो,” ते म्हणाले. मग पिशवीतून माईंची फिल्म अलगद काढली. “हे बघा. एक्स्ट्रूजन, चकती पार बाहेर आलेली. त्या ९८ जणांमध्ये असलं एखाद्यालाच निघालं होतं. आणि आमच्याकडे घरात आहे.”